कोरडे छप्पर, स्वच्छ कागद: राहण्यासाठी जुना ट्रेलर निवडताना

अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट किंवा परिचारिका म्हणून फिरत्या करारांवर काम करणाऱ्यांचे वर्ष साधारणपणे १३ आठवड्यांच्या तुकड्यांत विभागलेले असते. एक करार ॲरिझोनात, पुढचा ओरेगनमध्ये, त्यानंतरचा कदाचित टेक्ससमधल्या एखाद्या लहान गावात. आणि प्रत्येक वेळी तीन महिन्यांपुरते घर शोधायचे, तेही अशा गावात जिथे रुग्णालय आहे, पण अल्प मुदतीने भाड्याने मिळणारी घरे जवळजवळ नाहीत. या अडचणीवर माझ्या पतींनी आणि मी काढलेला मार्ग म्हणजे गाडीमागे ओढून नेता येणारा जुना ट्रेलर विकत घेऊन त्यातच राहणे. महाराष्ट्रातून इथे आलेल्या अनेक तरुण थेरपिस्ट मुलामुलींनी मला याविषयी विचारले आहे, आणि त्यांच्या प्रश्नांचा रोख बहुधा आतल्या मांडणीकडे असतो: पलंग केवढा, ओट्याला जागा किती, बाहेर सरकणारी खोली आहे का. माझ्या मते जुन्या ट्रेलरमध्ये आपण खऱ्या अर्थाने विकत घेतो ते त्याचे छप्पर, त्याचे सांधे, त्याचा सांगाडा आणि त्याचे कागद. गादी, पडदे, नळ, पंप, इतकेच काय फ्रिजसुद्धा बदलता येतो. आतून कुजलेली भिंत मात्र बहुतेक वेळा ट्रेलरच्या किमतीपेक्षा अधिक खर्च मागते.

ट्रेलर पाहायला निघण्याआधी तो उभा कुठे राहणार, हे ठरवायला हवे, कारण स्वस्त आणि जुना या दोन शब्दांचा त्या जागेशी थेट संबंध आहे. अनेक आरव्ही पार्क, म्हणजे ट्रेलर आणि मोटरहोम यांसारखी राहण्याची वाहने (आरव्ही) भाड्याने उभी करण्याच्या जागा, दहा वर्षांपेक्षा जुने वाहन दीर्घ मुक्कामासाठी घेत नाहीत. हा सरकारी कायदा नसून त्या त्या मालकाने घातलेली अट असते, त्यामुळे काही ठिकाणी फोटो पाठवल्यावर, ट्रेलर बाहेरून नीटनेटका दिसत असल्यास परवानगी मिळते. पण काही ठिकाणी फोनवरच वर्ष विचारून नकार देतात. ज्या गावांत पुढची एक-दोन वर्षे काम मिळण्याची शक्यता आहे तिथल्या पार्कांना आधी फोन करून मासिक भाडे, वीज वेगळी मोजतात का आणि वयाची अट आहे का, हे विचारून घ्यावे, आणि मगच पंधरा वर्षे जुना ट्रेलर घ्यायचा की आठ वर्षे जुना, हा निर्णय करावा. मासिक भाड्यात वीज धरलेली नसेल, तर उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्राचे बिल वेगळे भरावे लागते, हेही हिशेबात असावे.

कोणाच्या खासगी जमिनीवर, अगदी स्वतःच्या जमिनीवरही, ट्रेलर उभा करून त्यात कायम राहता येईल असे गृहीत धरू नये. कारखान्यात बांधलेल्या घरांना १५ जून १९७६ पासून केंद्रीय गृहनिर्माण खात्याचे बांधकामाचे निकष लागू आहेत आणि आरव्ही त्यांतून वगळलेली आहे. २०१८ मध्ये त्या खात्याने काढलेल्या सुधारित नियमात स्पष्ट केले आहे की ही सूट केवळ करमणुकीच्या वापरासाठी बांधलेल्या, कायम वास्तव्यासाठी नसलेल्या वाहनांना आहे. याचा अर्थ ट्रेलरमध्ये राहणे केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरते असा मुळीच नाही. कुठे आणि किती दिवस राहता येईल हे काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) किंवा शहर ठरवते, आणि ते नियम एका काउंटीतून दुसऱ्या काउंटीत गेल्यावर पूर्ण बदलू शकतात. केंद्राच्या भूव्यवस्थापन खात्याच्या मोकळ्या जमिनींवर बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवस एका जागी राहता येते. ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइटजवळ ला पोसा येथे मात्र १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात एका परवान्यावर हिवाळाभर राहण्याची सोय आहे, आणि थोडक्या पेन्शनवर जगणारे असंख्य लोक तिचा आधार घेतात.

परदेशी नागरिकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ग्रीन कार्डधारकांसह बहुतेक सर्व परदेशी नागरिकांना पत्ता बदलल्यापासून दहा दिवसांच्या आत एआर-११ हा अर्ज भरून तो इमिग्रेशन खात्याला कळवावा लागतो. घर चाकांवर असले तरी ही जबाबदारी सुटत नाही, आणि प्रत्येक मुक्काम हलवल्यावर हे काम त्याच आठवड्यात करून टाकणे उत्तम. विम्याचेही तसेच. सुट्टीतल्या वापरासाठीचा साधा विमा आणि वर्षभर राहणाऱ्यांसाठीचा विमा हे वेगवेगळे असतात, आणि विमा घेताना आपण त्यात कायम राहणार आहोत हे लपवले, तर आग किंवा वादळानंतर दावा नाकारला जाण्याची भीती राहते.

स्वतःचे इंजिन असलेले मोटरहोम की मागे ओढायचा ट्रेलर, या प्रश्नावर माझे उत्तर ठाम आहे: कमी पैशात राहायचे असेल आणि रोज कामावर जायचे असेल, तर ट्रेलर. मोटरहोम बिघडले की घर आणि गाडी दोन्ही एकदमच गॅरेजमध्ये जातात, आणि रुग्णालयात जाण्यासाठी वेगळी गाडी लागतेच. मात्र ट्रेलर ओढणाऱ्या गाडीची क्षमता जाहिरातीतल्या आकड्यावरून ठरवू नये. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार जोडणीच्या टोकावरून गाडीवर येतो आणि तितका तो यावाही लागतो, कारण तो कमी पडला तर ट्रेलर वेगात डोलू लागतो. म्हणजे सामानासह ५,००० पौंड भरणारा ट्रेलर गाडीवर ५०० ते ७५० पौंड टाकतो. गाडी किती वजन वाहू शकते याचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीवर छापलेला असतो, आणि त्यातून हा भार, माणसे आणि गाडीतले सामान वजा करून काही उरते का, हे पाहायचे. विक्रेता ट्रेलरचे जे वजन सांगतो ते बहुतेकदा कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या ट्रेलरचे असते. एक गॅलन पाणी सुमारे ८.३ पौंडांचे असते, त्यामुळे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड वाढतात; त्यावर भांडी, पुस्तके, कपडे, गॅसच्या टाक्या आणि कुकर आलेच. राहणाऱ्याचा ट्रेलर कधीच रिकामा नसतो, म्हणून ट्रेलरच्या पाटीवर लिहिलेले कमाल एकूण वजन धरूनच हिशेब करावा, आणि घेतल्यानंतर एकदा ट्रकथांब्यावरील वजनकाट्यावर खरे वजन पाहून घ्यावे.

आता मुख्य विषयाकडे येते. अमेरिकेतील बहुसंख्य आरव्ही इंडियाना राज्यातील एल्खार्ट आणि आसपासच्या भागात बनतात, आणि स्वस्त ट्रेलरच्या भिंती ढोबळपणे दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, मध्ये काचतंतूंचा भराव आणि बाहेरून पन्हळी ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. दुसऱ्या प्रकारात ॲल्युमिनियमची चौकट, फोम, पातळ प्लायवूड आणि बाहेरचा गुळगुळीत फायबरग्लास हे सारे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. पहिल्या प्रकारातली ओल बाहेरून दिसत नाही, पण पत्रा काढून कुजलेली पट्टी बदलणे हे घरच्या घरी, कष्टाने का होईना, जमणारे काम आहे. दुसऱ्या प्रकारात पाणी शिरले की थर सुटतात आणि बाहेरच्या भिंतीवर फुगवटे येतात. असे फुगवटे सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीला जवळजवळ डोळा लावून पाहिले की स्पष्ट दिसतात, आणि ते दिसले तर मी त्या ट्रेलरसमोर अधिक वेळ घालवत नाही, कारण सुटलेली भिंत पुन्हा धडपणे चिकटवणे फार थोड्यांना परवडते.

या दोहोंहून वेगळा असा एक तिसरा प्रकार आहे आणि त्याच्याविषयी मला मनापासून आदर आहे. फायबरग्लासच्या साच्यात वरचा आणि खालचा असे दोन अर्धे भाग ओतून ते कमरेपाशी जोडलेले हे लहान, अंड्याच्या आकाराचे ट्रेलर. कॅनडातील विनिपेगमध्ये रे ओलेको यांनी १९६८ मध्ये बोलर या नावाने असा ट्रेलर बाजारात आणला. त्याआधी त्यांनी फायबरग्लासची सेप्टिक टाकी तयार केली होती, आणि पाणी आत किंवा बाहेर झिरपू न देणारे कवच कसे बनवावे याचे ज्ञान तिथूनच ट्रेलरमध्ये आले. मिनेसोटातील स्कॅम्प आणि टेक्ससमधील कासिटा हे त्याच कुळातले. यांच्या छपराला भिंतीशी जोडणारा सांधाच नसल्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीचे नगही आज वापरात आहेत. अर्थात छपरातली हवेची खिडकी आणि रिव्हेटची भोके इथेही गळू शकतात, जागा फार थोडी असते, आणि त्यांची किंमत वर्षे उलटली तरी फारशी उतरत नाही. एकट्या माणसाने आणि सडसडीत सामान ठेवू शकणाऱ्याने यांचा विचार सर्वांत आधी करावा. आम्हा दोघांना, त्यातही एकाला घरूनच काम करायचे असताना, ती जागा पुरेशी नव्हती.

कोकणात मे महिन्यात घर शाकारल्याशिवाय कोणी पावसाळ्याला सामोरे जात नसे, आणि ट्रेलरच्या छपराचे नेमके तसेच आहे. बहुतेक छपरांवर रबरासारखा पडदा ताणलेला असतो आणि जिथे जिथे त्याला भोक पाडलेले आहे, म्हणजे हवेची खिडकी, सांडपाण्याच्या नळ्यांचे हवेचे पाइप, वातानुकूलन यंत्र, अँटेना आणि चारही कडा, तिथे तिथे सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, लावलेले असते. ऊन आणि थंडी यांनी ते सीलंट तडकते, म्हणून ते वर्षातून दोनदा तपासून लागेल तिथे पुन्हा भरावे लागते. म्हणून पाहायला जाताना शिडी घेऊन जावी किंवा विक्रेत्याकडे मागावी. छपरावरचे सारे काम कधी व कशाने केले याचे उत्तर ज्याच्याकडे तयार असते, त्याचा ट्रेलर पाहण्यात अर्थ असतो. उत्तर मिळाले नाही तरी छप्पर स्वतः बोलतेच: तडकलेले करडे सीलंट, साध्या सिलिकॉनचे थरावर थर, एखाद्या कोपऱ्यात साचलेली शेवाळाची रेघ.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट नाकाने तपासावी. कुबट वास येत असेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे तो झाकण्यासाठी सुगंधी वड्या ठिकठिकाणी ठेवलेल्या असतील, तर सावध व्हावे. मग छताचे चारही कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा, वरच्या कपाटांचे आतले भाग, पलंगाखालची जागा आणि बाहेरून उघडणाऱ्या सामानकप्प्याची आतली भिंत हाताने दाबून पाहावी. भिंत दबली किंवा कागदासारखी चुरचुरली तर आत ओल आहे. जमिनीवर अनवाणी चालावे, विशेषतः संडासाभोवती, मोरीजवळ, दाराच्या उंबऱ्यापाशी आणि बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या कोपऱ्यांत. पाय खाली गेल्यासारखा वाटला तर तिथले लाकूड संपलेले आहे. ओल मोजण्याचे लहानसे यंत्र हार्डवेअरच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते, आणि कोरड्या वाटणाऱ्या भिंतीवरचा व संशयित कोपऱ्यातला आकडा यांची तुलना केली की पुष्कळ काही कळते. अलीकडे सगळे आतले लाकूडकाम पांढऱ्या रंगाने रंगवून, नवी फरशी चिकटवून ट्रेलर विकण्याची पद्धत पडली आहे. आम्ही पाहिलेल्या अशाच एका देखण्या ट्रेलरमध्ये पलंगाखालचा फळा उचलल्यावर मागच्या कोपऱ्यातली लाकडी पट्टी बोटाने उकरता येत होती, आणि विक्रेत्याने ते कधी पाहिलेच नव्हते असे त्याच्या चेहऱ्यावरून मला खरेच वाटले. रंग ताजा असेल तर तो कशावर दिला आहे हे विचारावे आणि शक्य असल्यास पावसानंतरच्या दिवशी पुन्हा एकदा जाऊन यावे.

खालच्या बाजूचे काम तुलनेने सरळ आहे. सांगाड्याच्या लोखंडावर वरवरचा गंज चालतो, पापुद्रे सुटणारा किंवा जोडापाशी चीर पडलेला चालत नाही. टायरची नक्षी पाहून फसू नये. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतर येणाऱ्या आकड्यांतले शेवटचे चार पाहावेत. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. ट्रेलर वर्षानुवर्षे उभे असतात, त्यामुळे नक्षी कोरी आणि रबर म्हातारे अशी स्थिती नेहमीची असते. सहा-सात वर्षांपलीकडचे टायर बदलायचेच, असे धरून ती रक्कम किमतीतून कमी करायला सांगावी.

यंत्रणा मात्र एकेक करून चालू करून दाखवायला लावाव्यात, आणि 'गेल्या वर्षी चालत होते' हे उत्तर 'चालत नाही' असेच समजावे. साधा ट्रेलर ३० अँपिअरच्या जोडणीवर चालतो, म्हणजे १२० व्होल्टला ३,६०० वॉट. वातानुकूलन यंत्र, मायक्रोवेव्ह आणि विजेचा हीटर एकाच वेळी लावता येणार नाहीत, हे स्वयंपाक करणाऱ्याने आधीच जाणून घ्यावे. गॅस आणि वीज या दोन्हींवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज गार व्हायला कित्येक तास घेतो, म्हणून तो आदल्या दिवशीच चालू करून ठेवायला सांगावा. मागे पिवळी पूड किंवा अमोनियाचा वास आढळला तर त्याचे शीतयंत्र संपले. पाण्याच्या नळ्या करड्या रंगाच्या पॉलिब्युटिलीन या प्लास्टिकच्या असतील, जशा १९७८ ते १९९५ या काळात सर्रास वापरल्या गेल्या, तर त्या आज ना उद्या बदलाव्या लागतील. टाकी भरून, पंप चालू करून, सगळे नळ बंद ठेवावेत आणि पंप आपणहून पुन्हा सुरू होतो का ते ऐकावे. होत असेल तर कुठेतरी गळती आहे.

थंडीचा विचार महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने अधिक गंभीरपणे करावा, कारण 'चारही ऋतूंसाठी' हे शब्द विक्रीपत्रकात फार सहज छापले जातात. ट्रेलर गरम ठेवणारी, तासाला ३० हजार बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) क्षमतेची भट्टी सलग पेटती राहिली तर २० पौंडांची प्रोपेनची टाकी साधारण चौदा तासांत संपते. सलग ती सहसा पेटत नाही, पण गोठवणाऱ्या रात्रींत टाक्या आठवड्यातून अनेकदा भराव्या लागतात. खालच्या बाजूने बंदिस्त आणि गरम हवा पोचणाऱ्या टाक्या आहेत का, हे वाकून प्रत्यक्ष पाहावे. मागील मालकाने हिवाळ्यात पाणी काढून टाकले नसेल तर नळ्या फुटलेल्या असू शकतात, आणि ते फक्त पाणी भरल्यावरच उघड होते.

अगदी स्वस्तात मिळणाऱ्या काही ट्रेलरांच्या मागे एक दुःखद इतिहास आहे. २००५ च्या कतरिना वादळानंतर आपत्ती खात्याने बेघर कुटुंबांसाठी प्रचंड संख्येने ट्रेलर विकत घेतले. त्यांतील प्लायवूडच्या गोंदातून निघणाऱ्या फॉर्माल्डिहाइड वायूमुळे लोक आजारी पडू लागल्यावर रोगनियंत्रण केंद्राने ५१९ ट्रेलर व फिरत्या घरांतील हवा तपासली, तेव्हा सरासरी प्रमाण अब्जात ७७ भाग निघाले, जे सामान्य घरांपेक्षा कितीतरी जास्त होते. पुढे ते 'राहण्यासाठी नाही' अशा चिठ्ठ्या लावून लिलावात विकले गेले, आणि चिठ्ठ्या निघून गेल्यावर त्यांत पुन्हा माणसे राहू लागली. २००५-०६ सालचा, संशयास्पदरीत्या स्वस्त ट्रेलर दिसला तर त्याचा पूर्वेतिहास विचारावा. इतकी वर्षे गेल्याने वायू पुष्कळ उडून गेलेला असणार, तरीही डोळे चुरचुरले तर दुसरा शोधावा. संयुक्त लाकडासाठीचे कडक केंद्रीय निकष १ जून २०१८ पासून लागू झाले आहेत.

कागदांच्या बाबतीत मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. टायटलवरील, म्हणजे वाहनाच्या मालकीच्या सरकारी दाखल्यावरील, वाहन क्रमांक आणि ट्रेलरच्या सांगाड्यावरील क्रमांक जुळला पाहिजे, टायटलवर विकणाऱ्याचेच नाव पाहिजे, आणि बँकेचा बोजा असेल तर तो फिटल्याचे पत्र पाहिजे. 'टायटल हरवले आहे, पण विक्रीची पावती देतो' असे म्हणणाऱ्याला त्याने स्वतः दुय्यम प्रत काढून आणल्यावरच पुन्हा फोन करण्यास सांगावे.

किमतीच्या दृष्टीने सध्याचा काळ खरेदीदाराला अनुकूल आहे. महासाथीच्या काळात मागणी इतकी वाढली की २०२१ मध्ये कारखान्यांतून सहा लाख आरव्ही बाहेर पडल्या, आणि २०२३ मध्ये तो आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. त्या घाईत बनलेले अनेक ट्रेलर आता थोडेसेच वापरून विकायला निघाले आहेत. वय कमी असल्याने त्यांना पार्कात प्रवेश मिळतो, पण घाईतल्या बांधणीचे दोष त्यांत असू शकतात, म्हणून त्यांचे छप्पर आणि सांधे जुन्या ट्रेलरइतक्याच बारकाईने पाहावेत. आम्ही स्वतः घेतला तो ओरेगनमधील ला ग्रँड येथे नॉर्थवुड कंपनीने बनवलेला, कारण ही कंपनी सांगाडे स्वतः तयार करते आणि डोंगराळ थंड प्रदेशाचा विचार करून बांधते. आतले कापड विटलेले होते, परंतु मालकाकडे छपराच्या देखभालीची तारीखवार वही होती, आणि ओल मोजणाऱ्या यंत्रावर एकही कोपरा वेगळा निघाला नाही.

हातात असलेल्या रकमेचा चौथा हिस्सा खरेदीनंतरच्या कामांसाठी बाजूला ठेवून उरलेल्यातच सौदा करावा, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. त्यातून आधी टायर आणि चाकांचे बेअरिंग, मग छपराचे सीलंट, मग मुदत संपलेले धूर, प्रोपेन व कार्बन मोनॉक्साइडचे सूचकयंत्र, आणि पार्कातल्या चढ-उताराच्या विजेपासून वाचवणारे संरक्षक उपकरण, या क्रमाने खर्च करावा. पडदे आणि गाद्या पहिला पगार झाल्यानंतर घेतल्या तरी चालतात.